मास्कमधील पाणी काढणे

स्कूबा डायव्हिंग करताना मास्कमध्ये शिरलेले पाणी वर न येता, नाकाने सोडलेल्या हवेच्या जोरावर बाहेर घालवण्याचे कौशल्य. डायव्हिंग करणारे याला ‘मास्क क्लिअर करणे’ म्हणतात. प्राथमिक प्रशिक्षणात ते अगदी सुरुवातीला शिकवतात आणि पुष्कळ नवशिके पहिल्यांदा घाबरतात ते इथेच.

पाण्याखाली स्पष्ट दिसायचे तर डोळ्यापुढे हवा हवी. बुबुळावरचे पारदर्शक पटल थेट पाण्याला टेकले, की प्रकाश वळवण्याची त्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते आणि सगळे धूसर दिसते. मास्कची काच डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राखते. पोहण्याचा गॉगलही तेवढे करतो, पण तो खोलवर चालत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, कप्प्यातली हवा आकसते आणि काच डोळ्यांवर दाबली जाऊन बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. मास्कमध्ये नाकही आत असते, त्यामुळे नाकाने थोडी हवा सोडून तो ताण घालवता येतो. पाणी काढता येते तेही याच रचनेमुळे.

पद्धत साधी आहे. तोंडातल्या रेग्युलेटरमधून (पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडाला पुरवणाऱ्या उपकरणातून) श्वास घ्यायचा, मास्कची वरची कड बोटांनी कपाळाशी दाबून धरायची, नाकाने सावकाश हवा सोडू लागायचे आणि सोडत असतानाच मान वर करायची. हवा हलकी असल्याने ती मास्कच्या वरच्या भागात साठते, पाणी खाली रेटले जाते आणि सिलिकॉनच्या खालच्या कडेतून निघून जाते. क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. हवा सोडण्याआधीच मान वर केली, तर साठलेले पाणी नाकपुड्यांत उतरते आणि ठसका लागतो. नाक शिंकरल्यासारखा एकच जोराचा फुत्कार सोडला, तर हवा चहूबाजूंनी निसटते आणि पाणी जागच्या जागी राहते. तोंड मिटून गुणगुणताना नाकातून जशी संथ हवा जाते तशी हवी. एका श्वासात काम झाले नाही तर पुन्हा तोंडाने श्वास घेऊन उरलेले पाणी काढावे; घाईचे काही कारण नसते. काही मास्कना नाकाखाली एकदिशा झडप असते. त्यात मान वर न करता झडप सर्वांत खाली येईल अशी धरावी लागते.

खरी अडचण हातांची नसून श्वासाची आहे. ‘नाकातोंडात पाणी जाणे’ या वाक्प्रयोगात नाक आणि तोंड जोडीनेच येतात; डायव्हिंगमध्ये मात्र ती जोडी तोडावी लागते. नाकाभोवती पाणी असताना तोंडाने श्वास घेत राहायचा, तर मऊ टाळूने नाकाची वाट बंद ठेवता आली पाहिजे. जलनेती करणाऱ्यांना हे लवकर जमायला हवे, कारण एका नाकपुडीतून पाणी घेऊन दुसरीतून सोडताना तेही तोंडानेच श्वास घेतात.

नाशिकसारख्या समुद्रापासून दूरच्या गावात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीवर, किंवा मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस पाण्याला घाबरत नाही, पण सूर मारताना नाक चिमटीत धरायची सवय त्याच्या अंगात मुरलेली असू शकते. त्र्यंबक रस्त्यावरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी फ्रीस्टाइल शिकलेल्यांना तोंडाने श्वास घेऊन पाण्यात नाकाने सोडण्याचा सराव असतो, आणि तो इथे थेट उपयोगी पडतो. म्हणून उत्तम पोहणारा मास्क क्लिअर करताना चांगला असेलच असे धरून चालू नये.

नाशिककर सहसा स्कूबासाठी तारकर्ली-मालवणला जातात. पर्यटकांच्या छोट्या फेरीत प्रशिक्षक सोबत धरून नेतो आणि हे कौशल्य थोडक्यात सांगितले जाते. रीतसर अभ्यासक्रमात मात्र आधी अर्धा, मग पूर्ण भरलेला मास्क रिकामा करायला लावतात. पुढे मास्क काढून श्वास घेणे आणि तो पुन्हा चढवणेही येते. रात्रभर प्रवास करून जाण्याआधी गावातल्याच तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी जाणकार माणूस उभा ठेवून तयारी करावी: तोंडात स्नॉर्केल (पाण्याबाहेरची हवा घेण्याची नळी), चेहऱ्यावर मास्क नाही, चेहरा पाण्यात आणि मिनिटभर शांत श्वास. डिसेंबर-जानेवारीत हा सराव टाळलेला बरा. गार पाणी चेहऱ्याला लागताच श्वास आत ओढला जातो आणि नेमकी तीच सवय मोडायची असते.

पाणी मुळात शिरते ते बहुधा कडेखाली अडकलेल्या केसांमुळे, हसताना गालांना पडणाऱ्या घड्यांमुळे किंवा पट्टा फार आवळल्याने कड वाकडी झाल्यामुळे. मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये थोडे पाणी झिरपतच राहते. नाकाच्या लगत खाली मिशीची बारीक पट्टी कातरली, तर सिलिकॉनला टेकायला त्वचा मिळते. उलट काचेवर वाफ धरली, की अनुभवी डायव्हर मुद्दाम थोडे पाणी आत घेतात, मान हलवून काच धुतात आणि मग मास्क क्लिअर करतात.