मासिकं कोणाच्या पैशावर चालली?

आपण ‘मासिक’ म्हणतो तेव्हा काळ मोजतो. इंग्रजीतला ‘मॅगझिन’ हा शब्द मात्र माल मोजतो. मूळ अरबी, अर्थ कोठार. लंडनच्या एडवर्ड केव्हने जानेवारी १७३१मध्ये ‘द जंटलमन्स मॅगझिन’ काढलं आणि कोठाराचं नाव नियतकालिकाला चिकटलं. गंमत म्हणजे १९०१मध्ये लाहोरहून एक उर्दू मासिक निघालं, त्याचं नाव ‘मखजन’. म्हणजे पुन्हा कोठारच!

नियतकालिकं केव्हच्या आधीही होती. १६६५मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झालं होतं, पण ते विद्वानांचं. केव्ह पोस्टात नोकरी केलेला मुद्रक. गावोगावची वर्तमानपत्रं त्याच्या नजरेखालून जात. त्यातलं बरं ते वेचून महिन्याला एक अंक करायचा, एवढीच त्याची युक्ती. उचलेगिरीच म्हणा ना. १७३८मध्ये पार्लमेंटने आपल्या चर्चा छापण्यावर कडक बंदी घातली, तर या गड्याने त्या ‘लिलिपुट’ नावाच्या काल्पनिक देशातल्या चर्चा म्हणून छापल्या. ती भाषणं काही वर्षं सॅम्युअल जॉन्सन (पुढे इंग्रजी शब्दकोशासाठी गाजलेला लेखक) रचून द्यायचा, तीही बहुतेक वेळा सभागृहात पाऊल न ठेवता.

केव्हचा हिशेब सरळ होता: वाचकाने पैसे टाकावेत, अंक न्यावा. पुढे वाफेवरची छपाई आली, रेल्वे आली, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, तरी वजनदार मासिकं खिशाला जडच राहिली.

हा हिशेब मोडला तो अमेरिकेत. १८९३मध्ये फ्रँक मन्सीने आपल्या मासिकाची किंमत २५ सेंटवरून थेट १० सेंटवर आणली. वितरकांनी हात वर केले, तेव्हा त्याने विक्रेत्यांना परस्पर अंक पाठवले. दोन वर्षांत खप ५ लाखांच्या घरात गेला. अंक तोट्यात विकायचा आणि तो तोटा जाहिरातदाराकडून भरून काढायचा, ही रीत तेव्हा रुळली. मासिकांच्या इतिहासातलं खरं वळण मला हेच वाटतं. आता विकला जात होता तो वाचक.

या रीतीची फजिती ‘लाइफ’मध्ये दिसते. हेन्री लूसने २३ नोव्हेंबर १९३६ला हे छायाचित्रांचं साप्ताहिक १० सेंटला बाजारात आणलं. जाहिरातीचे दर ठरले होते अडीच लाख खप धरून. काही महिन्यांतच खप १० लाखांवर गेला. प्रत्येक प्रतीचा छपाईखर्च किमतीहून जास्त आणि जाहिरातीचे दर करारात अडकलेले. अंक जितका खपेल तितका खड्डा मोठा! दर वाढवल्यावर ते सावरलं आणि पुढे भरपूर कमावलंही. पण मग टीव्ही आला. कोट्यवधी डोळे एकदम हवे असलेल्या जाहिरातदाराला तो सोयीचा पडला. टपालखर्चही चढत गेला. डिसेंबर १९७२मध्ये साप्ताहिक ‘लाइफ’ बंद पडलं, तेव्हाही त्याचे वाचक लाखांनी होते. तगली ती बहुतेक एका विषयाला धरून बसलेली मासिकं: बागकाम, संगणक, मासेमारी.

इंटरनेटने उरलेल्या जाहिरातीही नेल्या. ‘न्यूजवीक’ने २०१२च्या अखेरीस छापील आवृत्ती थांबवली आणि २०१४मध्ये पुन्हा सुरू केली. या वेळी किंमत चढी होती, आणि खर्चाची मदार पुन्हा वाचकाच्याच खिशावर.