डायनॅमिक रोलओव्हर (हेलिकॉप्टर)

उड्डाण घेताना हेलिकॉप्टरची एक बाजू जमिनीत अडकून राहिली आणि रोटर वर खेचतच राहिला, तर हेलिकॉप्टर त्या अडकलेल्या टोकावर कलंडते. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. तो उतरतानाही होऊ शकतो. यंत्र तेव्हा जमिनीपासून वीतभरही उचललेले नसते. तरी दोन-तीन सेकंदांत पाती जमिनीवर आपटून सगळा खेळ संपतो.

रोटर बंद असलेले हेलिकॉप्टर सहज उलटत नाही. गुरुत्वमध्य स्किडच्या (चाकांऐवजी असलेल्या लांब पायाच्या) बाहेर जाईपर्यंत ते पुन्हा सरळ होऊ पाहते. उड्डाणाच्या क्षणी मात्र वजनाचा बराचसा भार रोटरने पेललेला असतो आणि अंगाबरोबर कललेला रोटर यंत्राला त्याच बाजूला ढकलतो. त्यामुळे बऱ्याच हेलिकॉप्टरांत धोक्याचा कोन केवळ ५ ते ८ अंशांचा असतो. कलण्याचा वेग जास्त असेल, तर हा कोनही कमी होतो. त्यापुढे सायक्लिक (रोटर हव्या त्या बाजूला कलवणारी दांडी) उलट्या बाजूला पूर्ण दाबूनही उपयोग नसतो. उपाय एकच, कलेक्टिव्ह (रोटरची उचल कमी-जास्त करणारा दांडा) सावकाश खाली करणे. अडचण अशी, की घाबरलेला हात तो वर ओढतो.

निमित्त क्षुल्लक असते: सोडायचा राहिलेला दोर, चिखल, गोठलेला बर्फ, उन्हाने मऊ झालेले डांबर. उतार आणि बाजूचा वारा त्यात भर घालतात. वरून पाहता ज्यांचा मुख्य रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्या हेलिकॉप्टरांना शेपटीचा रोटर उजवीकडे ढकलतो. म्हणून त्यांच्यात उजवी स्किड अडकणे अधिक घातक.

अशा अपघातांची चौकशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार होते. ते १९५१ मध्ये स्वीकारले गेले. दोषी ठरवणे हा चौकशीचा उद्देश नाही, हे त्यात स्पष्ट आहे. रॉबिन्सन आर२२ सारखे हेलिकॉप्टर कमाल ६२२ किलो वजनाचे. एवढ्या लहान यंत्रात उड्डाण-नोंदक (ब्लॅक बॉक्स) सहसा नसतो. मग जीपीएस आणि कुणाच्या मोबाईलमधले चित्रण यांवर मदार राहते. मोडलेल्या पात्यांचे तुकडे दूर फेकले गेले असतील आणि इंजिनाची शक्ती पोचवणारा फिरता दांडा पिळवटला असेल, तर रोटरला इंजिनाची शक्ती मिळत होती असे दिसते. इंजिन बंद पडल्याचा वैमानिकाचा दावा मग टिकणे कठीण.

तरीही खरी साक्ष अवशेषांपेक्षा जमीन देते. ‘वैमानिकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर थांबणारा अहवाल अर्धाच म्हणायला हवा. स्किड नेमकी कुठे आणि कशाने अडकली, हे त्यात यायला हवे. त्यासाठी स्किडखालचा खड्डा, घासल्याचे चर आणि तिला चिकटलेली माती यांची छायाचित्रे व मापे क्रेन येण्यापूर्वीच घेतात. हेलिकॉप्टर उचलले, की या खुणा उरत नाहीत.