सीमावादाच्या दाव्यांचा सरकारी खर्च

दोन राष्ट्रांमधील भूप्रदेशाचा वाद न्यायालयात किंवा लवादापुढे गेला, की बाजू मांडण्यासाठी सरकारी तिजोरीतून होणारा खर्च. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोर्ट फी नाही. न्यायाधीशांच्या वेतनासह न्यायालयाचा खर्च संयुक्त राष्ट्रे उचलतात. पण वेगळा आदेश नसेल, तर न्यायालयाच्या संविधीच्या (मूळ नियमावलीच्या) कलम ६४ प्रमाणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. खटला जिंकूनही वकिलांची फी सहसा परत मिळत नाही. लवादात मध्यस्थांचे मानधनही पक्षकारांच्याच माथी येते. भारत-बांगलादेश सागरी सीमेचा लवाद (२००९–१४) समुद्रकायदा कराराच्या ज्या परिशिष्टाखाली चालला, त्यात हा खर्च निम्मा-निम्मा वाटायचा नियम आहे.

खरा पैसा पुराव्यात आणि वर्षांत जातो. हेगमधल्या भारताविरुद्धच्या दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात पोर्तुगालने १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठा सनदा पुढे केल्या. गावांचे सार्वभौमत्व दिले होते की नुसता सालीना १२ हजार रुपयांचा सरंजामी वसूल, हा या कागदांवरचा मुद्दा. न्यायालयाने वसूल मानला. पेशवाईचा कागद म्हटला की मोडी आलीच. दप्तरात शोध, बाळबोधीत (देवनागरीत) उतारा, मग इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, कारण तिथे याच दोन भाषा चालतात. भाषांतर प्रमाणित करून जोडावे लागते. ते ढिले असले, की विरुद्ध पक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो आणि तज्ज्ञांची आणखी एक फेरी होते. त्यात प्राथमिक हरकती, म्हणजे खटला चालवण्याच्या अधिकारावरच्याच हरकती, वेगळ्या. भारताने सहा घेतल्या. १९५७ मध्ये चार फेटाळल्या गेल्या, दोन मूळ खटल्यात मिसळल्या. डिसेंबर १९५५ चा अर्ज १२ एप्रिल १९६० ला निकाली निघाला.

खानदेशची हद्द त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, कोर्टाची पायरी न चढता बदलली. १ मे १९६० ला पश्चिम खानदेशातील १५६ गावे (नंदुरबार ३८, नवापूर ३७, तळोदे ४३, अक्कलकुवा ३८) संसदेच्या कायद्याने गुजरातला गेली. नवापूर स्थानकाच्या फलाटावरच राज्याची सीमा आहे.

राज्याराज्यांतला वाद हेगला नेता येत नाही. तो संविधानाच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात जातो. महाराष्ट्राचा कर्नाटकविरुद्धचा २००४ चा दावा तसाच. सीमा बेळगावची असली तरी वकिलांच्या फीत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या करदात्याचाही वाटा असतो. ही फी अर्थसंकल्पात ‘दत्तमत’ खर्चात मोडते, म्हणजे आमदारांना ती कापता येते. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने द्यावी लागणारी रक्कम मात्र कलम २०२ प्रमाणे ‘भारित’: तिच्यावर चर्चा होते, मतदान होत नाही.