वीक, फीबल, फ्रेल, फ्रॅजाइल : चार शब्द, चार वाटा

डिक्शनरी उघडली की या चारही इंग्रजी शब्दांपुढे फिरून फिरून अशक्त, दुबळा, नाजूक हेच सापडतं, मग पोरं कुठलाही कुठेही लावतात. पण हे शब्द इंग्लंडात कोणाबरोबर आले ते बघितलं की फरक पाठ करावा लागत नाही.

वीक आला व्हायकिंग लोकांबरोबर, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी येणाऱ्या लुटारूंबरोबर. 793 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ लुटला, पण पुढे नवव्या शतकात ते उत्तर आणि पूर्व इंग्लंडात घरंदारं करून राहिले, शेजारपाजार झाला, सोयरिकी झाल्या आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले शब्द रोजच्या बोलण्यात मिसळले. मुळात वाकणं, नमणं असा भाव, जर्मनमधला मऊ या अर्थाचा वाइख त्याच कुळातला. आजही वीक हा घरचा शब्द आहे, चहा वीक, सिग्नल वीक, गणितात वीक, कशालाही चालतो.

मग 1066. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला, दरबारात फ्रेंच आली, आणि त्या फ्रेंचमधून फीबल आणि फ्रेल. फीबलचं मूळ लॅटिन फ्लेबिलिस, म्हणजे ज्याच्यासाठी रडावं असं! मला हे इतकं आवडतं, कारण ती कीव अजून शब्दात शिल्लक आहे, फीबल एक्स्क्यूज म्हणजे ऐकणाऱ्यालाच दया येईल असा बहाणा.

खरी गंमत शेवटच्या दोघांची. दोघेही लॅटिन फ्रॅजिलिसचे, म्हणजे फुटेल असं, फ्रॅक्चरही तिथलाच. फ्रेल फ्रेंच तोंडात घासून घासून आधी आला, सुरुवातीला तो मोहाला पटकन बळी पडणाऱ्या माणसाला लावत, नंतर थकल्या शरीराला. फ्रॅजाइल मागाहून आला आणि लॅटिन रूप जवळजवळ जसंच्या तसं घेऊन आला. म्हणून काचेच्या सामानाच्या खोक्यावर फ्रॅजाइल, पण हात धरून उठवावं लागतं, मनगटावरची कातडी कागदासारखी झालीये, ती आजी फ्रेल.

आपल्याकडेही असंच झालंय की. संस्कृत दुर्बल बोलता बोलता झिजून दुबळा झाला, आणि मूळ दुर्बलही राहिलाच. सरकारी फॉर्मवर 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' असतं, तिथे दुबळा कोणी लिहीत नाही, आणि आजारातून उठलेल्या पोराला जवळ घेऊन आई किती दुबळा झालास रे म्हणते, तिथे दुर्बल कोणाच्या तोंडी येत नाही.