ड्रॉपरमधून निसटला तो कोपेपॉड

हिडकल धरणाचं पाणी कॅनलला सुटलं की थोड्याच दिवसांत आमच्या हुक्केरीकडच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतो, बाटलीत पांढरे ठिपके वळवळतायत आणि खाली लिहिलेलं, डासांच्या अळ्या, औषध मारा. अहो, डासाची अळी वेगळी की, ती लांबडी असते आणि श्वास घ्यायला सारखी वर येते. हे ठिपके म्हणजे खेकड्या-झिंग्यांचे बारके भाऊबंद, बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे.

ओळखायला काचेचा ग्लास, मागं काळा कागद आणि बाजूनं टॉर्च एवढं पुरतं. टुणूक टुणूक वर जातो आणि हळूच खाली येतो तो डाफ्निया, जलपिसू म्हणतात पण पिसवेशी नातं काही नाही, अंग इतकं पारदर्शक की लेन्समधून हृदय धडधडताना दिसतं. तळाशी मोहरीसारखा दाणा फिरतोय आणि काडी लावली की शिंपल्यासारखा मिटतो, तो ऑस्ट्राकॉड.

माझा लाडका मात्र कोपेपॉड. निवांत तरंगतो आणि एकदम झटका! ड्रॉपरनं ओढून बघा, डाफ्निया गपगुमान आत येतो, हा नाही येत. कारण त्याच्या मिशांवर बारीक केस असतात, ड्रॉपरनं पाणी ओढलं की ते केस वाकतात आणि काही मिलिसेकंदांत, म्हणजे आपली पापणी लवायच्या आत, पाय जोडीजोडीनं मागं फेकले जातात. प्रत्येक जोडीतला डावा-उजवा पाय एका पट्टीनं जोडलेला असतो, त्यामुळं दोन्ही एकदमच हलतात, वल्ह्यासारखे. एवढ्याशा जीवाला पाणी काकवीसारखं दाट लागतं, पाय थांबले की तोही तिथंच थांबतो, म्हणून पोहणं असं झटक्याझटक्यानं.

कोपेपॉडची मादी सापडली तर तो कुठल्या जातीचा हे ओळखणं सोपं. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या आणि मिशा आखूड, तर सायक्लॉप्स. एकच पिशवी आणि मिशा जवळजवळ अंगाएवढ्या लांब, तर डायप्टोमस.

सायक्लॉप्सचं नाव वाईट झालं ते नारूमुळं. नारूची पिल्लं त्याच्या पोटात असायची, पाण्याबरोबर तो गिळला की साधारण वर्षभरानं पायातून जंत बाहेर यायचा. आपल्या कर्नाटकातही होता हा रोग. लोकांनी मंत्र-अंगारे सगळं केलं, पण तो गेला पाणी कापडानं गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, देशातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आणि गंमत बघा, सायक्लॉप्सचाच जवळचा नातेवाईक मेसोसायक्लॉप्स डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खातो, व्हिएतनाममध्ये तर त्याला पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडलाय. ग्रुपवाले औषध मारा म्हणतात ते याच मंडळींवर.