गोरेवाडा: आधी तलाव, मग जंगल

१९११च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या एक लाखाच्या जरा वर होती. रेल्वे येऊन चाळीसेक वर्षं झाली होती, एम्प्रेस मिलचे भोंगे वाजत होते, मध्य प्रांताची राजधानी म्हणून कचेऱ्या वाढत होत्या आणि अंबाझरी तलावाचं पाणी शहराला पुरेनासं झालं होतं. तेव्हा वायव्येला, गोरेवाडा गावाजवळच्या टेकड्यांमधून उतरणारं पाणी अडवून १९११-१२मध्ये तलाव बांधला गेला. आज आपण ज्याला गोरेवाड्याचं जंगल म्हणतो, ते शिल्लक राहिलं याचं मोठं श्रेय मी या तलावाला देतो. ज्या टेकड्यांवरचं पाणी प्यायचं, त्या नासवून चालत नाही. पाणलोट राखायचा म्हणून वस्ती लांब राहिली आणि झाडी टिकली. पुढे कन्हान नदीवरची पाणीयोजना आली, मग पेंच नदीचं पाणी आलं. तरीही नातं तुटलं नाही, कारण पेंचचं पाणी शुद्ध करणारी केंद्रंही गोरेवाड्यातच उभी राहिली.

जमीन मात्र तलावाहून फार जुनी आहे. नागपूर दोन भूगोलांच्या सांध्यावर वसलंय. पश्चिमेकडे ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनलेला काळा पाषाण आहे, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर निवून दुसरा येईपर्यंत मधल्या काळात इथं तळी साचली होती. त्या तळ्यांच्या गाळाचे दगड झाले. गोरेवाड्यापासून जवळच असलेल्या टाकळीला अशा दगडांत स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि झाडांची फळं सापडली, दगड होऊन बसलेली. १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेल्या दगडांची प्राचीन दफनस्थळं, बघून परतताना नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याच नावाच्या नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

शिळावर्तुळांचा विषय निघाला की काटोल रोडवरच्या जुनापाणीला जावंच लागतं. तिथं सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. मोठाले काळे धोंडे गोलाकार मांडलेले, आत मुरुमाचा उंचवटा, त्याखाली लोहयुगातल्या माणसांची दफनं. मध्य प्रांताचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७मध्ये त्यांतली काही उघडून पाहिली. जवळपास शंभर वर्षांनी, १९६१-६२मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी रीतसर उत्खनन केलं. काळी-तांबडी मृद्‌भांडी आणि लोखंडाची हत्यारं मिळाली. याच बाजूच्या माहुरझरीला तर तांब्याचे दागिने घातलेले घोडे माणसांसोबत पुरलेले निघाले. माहुरझरी मण्यांच्या कारागिरीसाठीही ओळखली जाते. मण्यांसाठी लागणारे अकीकासारखे दगड याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतात.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर कोरलेले छोटे खळगे आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की ते नीट दिसतात. अंगठा आत बसावा एवढेच, पण ओळीने, बहुतेक जोडीजोडीने. दगडावर हात फिरवला की बोट एका खळग्यातून पुढच्यात आपोआप घसरतं. ते नेमके कशासाठी कोरले यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्या ओळींची शिस्तच जास्त थक्क करते.

बख्त बुलंद या गोंड राजाने १७०२च्या सुमारास बारा खेडी जोडून नागपूर वसवलं, त्याच्याही खूप आधी या टेकड्यांत माणसं येऊन-जाऊन होती, हे एवढ्यावरून उमगतं.

आता झाडांकडे. हे शुष्क पानझडी जंगल आहे. माथ्यावर मुरुमाचा पातळ थर, पाणी झरझर निथळून जातं, म्हणून साग इथं खूश असतो. सोबत ऐन, धावडा, तेंदू, मोह, बेल, खैर, पळस. शिमग्याच्या सुमारास पळस पेटतो, मागोमाग पहाटे मोहाची फुलं टपटपतात. मे महिन्यात मात्र जंगल उघडंबोडकं दिसतं. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात आणि नवखा माणूस म्हणतो, इथं आहे काय? त्याने रोहिणीचा पाऊस पडेपर्यंत थांबावं. तेव्हा नवरंग येतो. मुठीएवढा पक्षी, आखूड शेपूट, हिरवी पाठ, डोळ्यांवरून काळा पट्टा, पोटाखाली लालभडक. दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो पिलं वाढवायला आपल्याकडे येतो, ओल्या पाचोळ्यात गांडुळं-किडे शोधत उड्या मारतो. पाचोळा जाळला किंवा झाडून नेला तर नवरंगाचं ताटच ओढून घेतल्यासारखं होतं. चितळ, रोही (नीलगाय), रानडुक्कर, साळिंदर, मोर इथं आहेत. आणि बिबट आहे.

प्रशासकीय इतिहास थोडक्यात असा: सुमारे १,९१४ हेक्टरचं हे वन १९७४मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आलं. जखमी आणि पकडलेल्या वन्यप्राण्यांसाठी २०१५मध्ये बचाव केंद्र सुरू झालं. २६ जानेवारी २०२१ला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते सफारी खुली झाली आणि प्राणिसंग्रहालयाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव मिळालं. गोंडवाना हे नाव द्यावं अशी आदिवासी संघटनांची मागणी होती. बख्त बुलंदच्या शहरात ती आस्थेने ऐकली जायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

सफारीतले प्राणी कुंपणात असतात, बिबट कुंपण मानत नाही. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक बिबट थेट नागपूर शहरात फिरताना दिसला, गायत्रीनगरपासून महाराजबागेपर्यंत त्याच्या खुणा मिळाल्या. गोरेवाडा, अंबाझरी आणि काटोल-कळमेश्वरकडच्या टेकड्या नकाशावर आपल्याला वेगवेगळ्या दिसतात. त्याच्या लेखी ती एकच सलग वाट आहे. मधले रस्ते रुंद होत आहेत आणि दर पावसाळ्यात काटोल रोडला नवे ले-आउट दिसतात, म्हणून ही वाट दरवर्षी अरुंद होत चाललीय याची मला खरोखर काळजी वाटते.

बंधाऱ्याच्या खाली पिवळी नदी सुरू होते. उत्तर नागपुरातून जाताना तिचा नाला होतो, लोक तिला नालाच म्हणतात. शहराच्या पूर्वेला ती नागनदीला मिळते आणि दोघी मिळून कन्हानला जातात. जोराच्या पावसात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की गोरेवाड्याच्या टेकड्यांवरचा सागाचा पाला याच वाटेने शहर ओलांडून जातो.