दांडा किती कलला? घरच्या जॉयस्टिकमागची गोष्ट

घरी विमान उडवायची हौस लागली की पहिली मोठी खरेदी जॉयस्टिकची. दुकानदार बटणं मोजून दाखवतो, खोक्यावर लढाऊ विमानाचं चित्र असतं, आणि घेणारा तिथेच अडकतो. बटणं कमी पडली म्हणून स्टिक टाकून दिलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. स्टिक निकामी होते ती बुडातून. दांडा किती कलला हे आतल्या भागाला कळतं कसं, या एका प्रश्नाभोवती या वस्तूचा बराचसा इतिहास फिरतो.

खऱ्या विमानातही दांडा पहिल्या दिवसापासून आजच्यासारखा नव्हता. राइट बंधूंचा वैमानिक १९०३ साली पालथा झोपायचा, हाताने एक तरफ हलवायचा आणि कंबर डावी-उजवीकडे सरकवून पंखांना पीळ द्यायचा. पुढे-मागे आणि आजूबाजूला हलणारा एकच दांडा रूढ झाला तो फ्रान्समध्ये, एस्नो-पेल्तेरी आणि ब्लेरियो यांच्या हातून, १९०७-०८च्या सुमारास.

घरगुती संगणकापर्यंत हा दांडा आला तो आयबीएम पीसीच्या १५ पिनांच्या गेम पोर्टातून. पीसी बाजारात आला १९८१ साली, आणि ब्रूस आर्टविकने लिहिलेलं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२च्या नोव्हेंबरात. तेव्हाच्या टीव्ही-गेमच्या स्टिकमध्ये नुसते स्विच असत, म्हणजे डावीकडे किंवा नाही, एवढंच. विमानाला ते चालत नाही. त्याला ‘थोडंसं डावीकडे’ कळावं लागतं. त्यासाठी पीसीच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर, बोलीभाषेत पॉट, बसवलेले असत. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच भाग.

हा पॉट वाचण्याची रीत मात्र विलक्षण काटकसरीची होती. दांडा कलला की पॉटचा विजेला होणारा विरोध बदलतो. प्रोग्रॅमने पोर्टला इशारा द्यायचा, पोर्टाच्या कार्डावरचा छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, पॉटमधून भरत जायचा, आणि तो भरायला किती वेळ लागला ते प्रोसेसरने मोजत बसायचं. जास्तीत जास्त एक-सव्वा मिलिसेकंदाचा खेळ. पण मोजणी प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून राहिली, की नवीन वेगवान पीसी आणल्यावर तीच स्टिक वेगळे आकडे दाखवायची. शिवाय प्रत्येक पॉटचा स्वभाव निराळा. म्हणून दर वेळी कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकची टोकं आणि मध्य प्रोग्रॅमला नव्याने शिकवणं: दांडा वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन बटण दाबा, मग खालच्या उजव्या, मग मध्ये सोडा.

या पोर्टावर एकूण चार अक्ष आणि चार बटणं, तीही दोन खेळाडूंत वाटून घ्यायची. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी तरफ) आणि रडर (शेपटीचं डावी-उजवीकडे वळणारं पातं, पेडलने चालणारं) जोडले की एकाच वैमानिकाने सगळं पोर्ट खाऊन टाकलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थ्रस्टमास्टरने यातून वाट काढली: त्यांचा थ्रॉटल कीबोर्डच्या वायरीत मध्येच बसायचा आणि बटण दाबलं की संगणकाला वाटायचं, कोणीतरी कळ दाबली. १९९५च्या मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर थ्रीडी प्रोने पॉटच काढून टाकला. दांड्याची जागा प्रकाशावर टिपायची आणि आकडे त्याच जुन्या पोर्टातून डिजिटल स्वरूपात पाठवायचे. दांडा पिळला की रडर, ही सोयही त्यात होती. टेबलाखाली पेडल ठेवायला जागा नसलेल्या घरांवर हे उपकारच झाले.

मग यूएसबी आलं आणि अक्ष-बटणांची टंचाई संपली. पण पॉट संपला नाही, कारण तो स्वस्त होता. आतल्या कार्बनच्या पट्टीवरून एक टोक सतत घासत असतं. पट्टी झिजते, धूळ बसते, दमट हवा मदतीला असतेच. मग दांडा स्थिर धरला तरी पडद्यावरचं विमान मान हलवत राहतं. डेड झोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षिली जाते तो पट्टा, वाढवून लक्षण झाकता येतं, पण मग धावपट्टीवर उतरताना लागणारी बारीक दुरुस्तीही त्या मेलेल्या पट्ट्यातच हरवते.

यावरचा उपाय एडविन हॉलने १८७९ सालीच दाखवला होता. विद्युतप्रवाहावर चुंबकीय क्षेत्र आडवं पडलं की बाजूला लहानसा व्होल्टेज फरक निर्माण होतो. दांड्याला चुंबक, खाली सेन्सर, मध्ये काहीही घासत नाही. २०१०च्या थ्रस्टमास्टर वॉर्टहॉगने ही गोष्ट हौशी वैमानिकांत प्रतिष्ठेची केली. पण ए-१० या अमेरिकी लढाऊ विमानाच्या मूठीची ही जड नक्कल टेबलावर ठेवली की दांडा आखूड आणि स्प्रिंग ताठ, त्यामुळे मध्याजवळचं नाजूक काम अवघड, अशी कुरकुर मला रास्त वाटते. खऱ्या ए-१०मध्ये तो दांडा पायांच्या मधून वर येतो आणि लांब असतो. खरेदीच्या वेळी आणखी एक पाहावं: बऱ्याच स्टिकांत मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर असतो, पण पिळण्याच्या अक्षाला आणि थ्रॉटलला गुपचूप पॉटच.

एक धागा मात्र मध्येच तुटला. १९९७ला मायक्रोसॉफ्टने मोटर बसवलेली, हाताला उलटा दाब जाणवून देणारी फोर्स फीडबॅक प्रो आणली, मागोमाग यूएसबीची दुसरी आवृत्ती. पेटंटचे वाद होते, मागणी आटत होती. मायक्रोसॉफ्टने स्टिकांचा धंदा सोडला आणि घरगुती बाजारातून मोटरवाल्या स्टिक जवळजवळ दिसेनाशा झाल्या. आता कुठे त्या परत येताहेत, चांगल्याच महाग.

मोटरने फरक पडतो तो ट्रिममध्ये, म्हणजे दांड्यावर सतत दाब धरावा लागू नये म्हणून केलेल्या जुळवणीत. सेस्नासारख्या छोट्या विमानात वैमानिक योकवर, म्हणजे दांड्याच्या जागी असलेल्या सुकाणूवर, दाब धरून ठेवतो आणि दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवतो. योक मग नव्या जागी आपसूक राहतो. स्प्रिंगची स्टिक सोडली की मध्यावरच परत येते, म्हणून घरी ट्रिम फिरवत फिरवत हात हळूहळू सैल करावा लागतो. हे शिकलेलं खऱ्या विमानात थोडं विसरावं लागतं.

एअरबसचं तसं नाही. १९८७ साली पहिल्यांदा उडालेल्या ए३२०ची साइडस्टिक, म्हणजे वैमानिकाच्या बाजूला बसवलेला छोटा दांडा, प्रत्यक्षातही स्प्रिंगचीच आहे. सोडली की मध्यावर येते, हवेचा दाब हाताला सांगत नाही, आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम संगणकच करतो. आपल्याकडे इंडिगोच्या ताफ्यात याच कुटुंबातली विमानं सर्वाधिक, तेव्हा मुंबईहून नागपूरला ए३२० न्यायची हौस असेल तर मध्यम किमतीची, हॉल सेन्सरची स्टिक पुरते. फक्त ती दोन्ही हातांना चालणारी बघा. कॅप्टन डावीकडे बसतो आणि स्टिक डाव्या हाताने धरतो, तर बाजारातल्या पुष्कळ मुठी उजव्या हाताच्याच मापाने घडवलेल्या असतात.